मंचरच्या स्टँडवरचा खांब

ही गोष्ट मी नेहमी एकाच वाक्याने सुरू करीत असे : मी पाच वर्षांची असताना मंचरच्या एसटी स्टँडवर मला पहिल्यांदा कळले की आपले डोळे आपल्याला फसवतात. एम.ए.च्या मुलाखतीत हे वाक्य उपयोगी पडले, पीएच.डी.च्या मुलाखतीत पडले, आणि परदेशातील एका संशोधनवृत्तीच्या अर्जातही तेच पहिले वाक्य होते. अर्ज पाठवायला आठ दिवस उरले असताना कळंबच्या आमच्या शाळेने माझा सत्कार ठेवला. शाल-श्रीफळ घेऊन, खरखरणाऱ्या माइकवरून, मी तीच गोष्ट पुन्हा सांगितली.

गोष्ट अशी. आम्ही गाडीत बसलो होतो आणि वडील चहा प्यायला खाली उतरले होते. शेजारी लागलेली गाडी मागे सरकू लागली आणि आईला वाटले, आपलीच सुटली. "आवं थांबवा, ह्यास्नी घ्या की!" म्हणून ती ओरडू लागली, दोनचार बायकांनी तिला साथ दिली. मी मात्र खिडकीच्या गजांतून फलाटावरच्या खांबाकडे पाहिले आणि म्हणाले, "आपली न्हाई हालली, शेजारची हालली. त्यो खांब बघा, जागचा हाललाय का?" कंडक्टर हसला. "घ्या, मास्तरीणबाई बसल्यात गाडीत!"

मग मी मुलांना त्यामागचे कारण सांगितले. खिडकीभर दिसणारी मोठी वस्तू सरकली की मेंदू तिलाच स्थिर धरतो आणि सरकतो आहोत ते आपण, असा निष्कर्ष काढतो. आपण तो निष्कर्ष काढल्याचे आपल्याला जाणवत नाही. आपल्याला वाटते, आपण नुसते पाहिले. म्हणून एक न हलणारा खांब शोधावा लागतो. टाळ्या झाल्या. माझी थोरली बहीण बायकांच्या रांगेत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या की नाही, याकडे माझे लक्ष नव्हते.

त्या महिन्यात मी तिच्याच घरी, महाळुंगे पडवळला, राहत होते आणि तिथून जुन्नर-आंबेगावच्या गावोगावी जाऊन वयस्कर माणसांच्या स्मृतीच्या चाचण्या घेत होते. चाचणी साधी होती. मी शब्द वाचायचे : उशी, गोधडी, खाट, जांभई, स्वप्न, अंगाई, अंधार. थोड्या वेळाने ऐकणाऱ्याने ते आठवून सांगायचे. बहुतेक जण त्यात 'झोप' हा शब्द घालत. तो यादीत नव्हताच. दिवसभर तीच यादी, त्याच स्वरात, घोटभर पाणी पिऊन पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी मला माझ्याच आवाजाचा कंटाळा येई. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी डिंगोऱ्याचे एक आजोबा माझ्याशी हुज्जत घालू लागले. "मॅडम, झोप तुमी सोता म्हणलात. ह्या कानानं ऐकलंय मी." मी हसून मान डोलावली आणि त्यांच्या कागदावर लाल खूण केली. शब्दांचा आशय मनात राहतो, आणि तो आपल्याला बाहेरून मिळाला की आपणच जुळवला हे पुसले जाते. मी हे शिकवू शकते इतके मला ते पाठ होते.

परतले तेव्हा ताई बराखीपाशी कांदा निवडत बसली होती. बराख म्हणजे कांदा साठवायची, जाळीच्या भिंतींची लांबट शेड. मीही पोत्यावर बसले. पाय इतके दुखत होते की घरात जाण्याचेही त्राण नव्हते. ताई कांदा उचलायची, अंगठ्याने मानेशी दाबायची आणि टाकायची : मोठा 'गोळ्या'च्या ढिगात, लहान 'गोल्टी'त, खराब 'बदल्या'त. हाताकडे ती पाहतही नव्हती. कसे कळते, असे मी तिला पूर्वी विचारले होते. "कळतं," एवढेच तिचे उत्तर होते.

"काल लई छान बोललीस," ती म्हणाली.

"पोरं ऐकत होती, म्हणून."

"खांबाचं तर लईच छान." एक कांदा गोल्टीत पडला. "फकस्त ती मी व्हते."

"कोण?"

"खांब बघा म्हणणारी. तू मागच्या शिटावर आईच्या मांडीवर व्हतीस. नाक गळत व्हतं तुझं."

मी हसले. मग तिच्याशी त्या विशिष्ट मवाळ स्वरात बोलू लागले, जो मी चाचणीतल्या म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवलेला आहे. "ताई, लहानपणच्या आठवणींचं असं होतं. घरात एखादी गोष्ट सारखी ऐकली की आपल्यालाच घडल्यासारखी वाटायला लागते."

"आन् ते तुला न्हाई का वाटू शकत?"

प्रश्न अचूक होता. माझ्या विद्यार्थ्याने विचारला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती.

"वाटू शकतं. पण मला सगळं दिसतं, ताई. गज, खांब, कंडक्टरची कातडी पिशवी."

"मला बी दिसतं. मग?"

"मग खरं कोणाचं, ते ठरवायचं कसं?"

"तू ठरव. शिकलीस कशाला येवढी?"

तेवढ्यात दाजी रिकाम्या पाट्या घेऊन आले. "काय राव, दोघी बहिनी कांद्यानं रडताय का भांडताय?"

"तुमी पाट्या ठिवा अन् जावा," ताई म्हणाली. ते गेले.

मी थकले होते; हे कारण आहे, समर्थन नाही. मी म्हणाले, "एवढं काय आहे त्यात?"

तिचा हात थांबला. "तुझ्याकडं लई हाय सांगायला. कालेज, पुणं, आता परदेश. मला एकदा एक कंडक्टर मास्तरीणबाई म्हणला व्हता. धावीनंतर दाखला काढला, तवा बी तेच मनात घोळत व्हतं. तेवढंच व्हतं माझं. ते काल तू माइकवरनं वाटलंस."

ती पुन्हा निवडू लागली. मी आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. उत्तर सुचवणारा प्रश्न विचारायचा नाही, हा नियम मी पाळला. "आई, आम्ही लहान असताना मंचरच्या स्टँडवर गाडीत काही गोंधळ झाला होता, आठवतं?"

"कसला गोंधळ?" मग तीच म्हणाली, "तुझ्या डोक्यात खवडे झालते, डाक्टरकडं नेलतं, तवाचं म्हणतीस का? चकोट केला व्हता तुझा. डोक्यावर टोपी ठिवत नव्हतीस. ह्ये च्या प्यायला उतरलं व्हतं, अन् त्या गर्दीत माझी नवी चप्पल गेली."

"आणि कंडक्टर काही म्हणाला होता?"

"कंचा कंडक्टर? चप्पल गेली म्हणते ना मी!"

ताईने माझ्याकडे पाहिले नाही. तिला गरज नव्हती. माझ्या आठवणीत गज आहेत, खांब आहे, आणि चित्राच्या खालच्या बाजूला लाल रिबिनीच्या, वर बांधलेल्या दोन वेण्या आहेत. खांबाकडे मान वळते तेव्हा त्या हलतात. इतकी वर्षे मी त्या माझ्या समजत होते. स्वतःच्या वेण्या स्वतःला पाठीमागून दिसत नाहीत, हा विचार एकदाही मनात आला नव्हता. आणि त्या दिवशी माझ्या डोक्यावर केसच नव्हते. ही आठवण मागच्या सीटवरून पाहिलेली होती. काय पाहिले ते मी जपले आणि कुठून पाहिले ते हरवले. नंतर कधीतरी, केव्हा ते मला सांगता येणार नाही, रिकाम्या जागेत 'मी' बसले. चोरी म्हणावी तर हेतू सापडत नाही. चूक म्हणावी तर फायदा सगळा माझाच झालेला.

"तूच होतीस," मी म्हणाले.

"ते मला ठावं हाय," ती म्हणाली, आणि एक कांदा बदल्यात टाकला.

पुढचे तीन दिवस मी गावांहून परतून अर्ज उघडत असे. 'मी'च्या जागी 'माझी बहीण' लिहिले की पुढचे वाक्य कोसळे, कारण त्यात 'त्या दिवसापासून मला' असे होते. तिला कळले, तर मग मी का शास्त्रज्ञ झाले? ती का नाही? हा परिच्छेदाचा नव्हे तर आमच्या घराचा प्रश्न होता, आणि त्याला शब्दमर्यादा पुरणारी नव्हती. शेवटी मी लिहिले : मंचरच्या एसटी स्टँडवर माझ्या आठ वर्षांच्या बहिणीने एक खांब पाहिला, मी तिच्या मागे बसून तिच्या वेण्या पाहिल्या, आणि पुढे वीस वर्षे तो खांब मीच पाहिला असे सांगत राहिले. मार्गदर्शक बाईंनी कळवले की आधीची सुरुवात अधिक प्रभावी होती. ते खरेच होते. मी नवीन सुरुवात ठेवून अर्ज पाठवला.

पुण्याला निघाले त्या दिवशी ताईने मला स्कूटीवरून मंचरला सोडले. स्टँडवर गाडी लागलेली होती.

"गेला का फारम?"

"गेला."

"मी हाय का त्यात?"

"आहेस. खांबासकट."

"अन् तू?"

"मागच्या सीटवर."

"चकोट?"

"चकोट."

त्या आठ दिवसांत ती पहिल्यांदा हसली. मग, "चल, बराख उघडी टाकून आले," म्हणून तिने स्कूटी वळवली. मला खिडकीची जागा मिळाली. गाडी कधी हलली ते मला कळले नाही; मी झोपले होते.