बुधवारचा उपवास

केवळाबाईंचा बुधवारचा उपवास कोणत्या देवाचा, हे सुमनबाईंना काही केल्या कळेना. गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा, सोमवार महादेवाचा आणि मंगळवार तुळजाभवानीचा, इतके त्यांनी सहा दिवसांत निमूटपणे ऐकून घेतले होते. परंतु सातव्या दिवशी, म्हणजे बुधवारी दुपारी, पंगत बसली आणि केवळाबाईंनी पुन्हा ताट पालथे घातले, तेव्हा सुमनबाईंच्या हातातली पळी वरणाच्या पातेल्यावरच थांबली.

"आज कोणाचा हाय?"

"हाय एकाचा," केवळाबाई म्हणाल्या. "तुमाला सांगून काय उपेग? तुमच्यात उपास कुठं असतेत?"

"आमच्यात बी असतेत, पौर्णिमेला. पण दुसऱ्या दिशी आमी जेवतो."

पंगतीतले दोघे-तिघे हसले. केवळाबाईंनी तिकडे लक्ष दिले नाही. त्यांनी ओच्यातून एक केळे काढले, भिंतीकडे तोंड केले आणि ते सावकाश खाल्ले.

नांदेडच्या रेल्वे स्थानकापासून दहा मिनिटांच्या अंतरावर 'कृपाछाया' हा बेघरांचा निवारा आहे. तो एक ख्रिस्ती संस्था चालवते. फलाटावर, पुलाखाली किंवा बंद दुकानांच्या पायऱ्यांवर ज्यांचे अंथरूण असते, अशा वीस-बावीस माणसांना तेथे खाट, औषध आणि दोन वेळचे जेवण मिळते. सुमनबाई तेथे स्वयंपाक करीत. त्यांचे वय एकसष्ट, गाव हिमायतनगरजवळचे. अकरा वर्षांपूर्वी त्या स्वतः एक गाठोडे घेऊन त्याच फाटकातून आत आल्या होत्या.

त्या काळी निवाऱ्याच्या अंगणात विटा मांडून तीन-तीन चुली पेटत. अमक्याच्या हातचे तमक्याला चालत नसे. संस्थेची माणसे दयाळू असल्यामुळे कोणालाच काही म्हणत नसत. ज्याला त्याला शिधा देऊन मोकळी होत. सुमनबाई स्वयंपाकघरात शिरल्या आणि त्यांनी एकच अट घातली, की चुली तीन राहणार असतील तर आपण राहणार नाही. पुढे निवाऱ्याच्या ओसरीवर प्रौढांचा वर्ग सुरू झाला. बावन्नाव्या वर्षी सुमनबाई अक्षरे शिकल्या. वही सोडून बाहेर त्यांनी पहिले वाक्य लिहिले ते जेवणाच्या खोलीच्या भिंतीवर, निळ्या तैलरंगाने, स्टुलावर उभे राहून: 'या घरात चूल एक, पंगत एक.' ओळ उजवीकडे खाली घसरलेली आहे. ती पुन्हा रंगवून सरळ करावी, असे अनेकांनी सुचवले. सुमनबाईंनी कोणाला हात लावू दिला नाही.

केवळाबाई मूळच्या इस्लापूरकडच्या. सत्तरी ओलांडलेली, अंगाने वाळलेली, परंतु पाठीचा कणा ताठ. नवरा असेपर्यंत घरची शेती, दारात बैलजोडी आणि हाताखाली गडी होते. नवऱ्यामागे मुलाने, दयानंदने, गावचे घर विकले आणि आईला लातूरला आपल्या दोन खोल्यांत नेले. तेथे सुनेशी पटले नाही. एके दिवशी कोणाला न सांगता त्या लातूरहून निघाल्या आणि नांदेडला उतरल्या. इस्लापूरची गाडी पकडण्यासाठी फलाटावर बसल्या असताना त्यांच्या ध्यानात आले, की तिकडे आता आपले दार उरलेले नाही. मग गाडीमागून गाडी गेली आणि त्या अकरा दिवस तेथेच बसून राहिल्या. निवाऱ्याच्या व्यवस्थापक मंजुश्रीताई यांनी त्यांना हाताला धरून आणले.

आल्याआल्या केवळाबाईंनी सुमनबाईंना विचारले होते, "आडनाव काय म्हणायचं बाई तुमचं? वाडी-वस्ती कोणती?"

सुमनबाईंनी आडनाव सांगितले, गाव सांगितले आणि गावाच्या कोणत्या बाजूला घर होते, तेही सांगितले.

"असं का," केवळाबाई म्हणाल्या. त्याच दुपारी दत्ताचा उपवास सुरू झाला.

सुमनबाईंना जे पहिल्या दिवशी कळले, ते निवाऱ्याच्या माणसांना आठवडाभर कळले नाही. पास्टर राजशेखर हे भले गृहस्थ. जेवणाआधी ते प्रार्थना घेत आणि एक गीत म्हणवून घेत. त्यांनी असे धरून चालले, की या बाईंना आपल्याला बाटवतील अशी धास्ती आहे. म्हणून शुक्रवारी त्यांनी प्रार्थना दोन वाक्यांत आटोपली. रविवारी ती ओसरीवर नेली. सोमवारी त्यांनी कोकरू खांद्यावर घेतलेल्या येशूचे चित्र जेवणाच्या खोलीतून स्वतः उतरवले आणि कपाटात ठेवले. मंगळवारी गीतही बंद केले.

"पास्टरसाहेब," सुमनबाई म्हणाल्या, "कशाला उगं खिळे उपटून राहिलात? ती बाई येशूला भीत न्हाई. ती मला भीते."

"सुमनबाई, आपण कोणाविषयी मनात वाईट आणू नये."

"मी मनात आणून राहिले न्हाई. ताटात बघून राहिले."

पास्टरांनी मान हलवली आणि त्यांना क्षमेविषयी चार गोष्टी सांगितल्या. सुमनबाईंनी डोक्याला हात लावला. त्याच संध्याकाळी केवळाबाईंनीच पास्टरांना अडवून विचारले, "गाणं बंद का केलं हो? लई गोड म्हणत होता."

पास्टर गोंधळून पाहत राहिले. चित्र मात्र कपाटातच राहिले.

गुरुवारी सकाळी केवळाबाई नळाजवळ चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात एक सलाईन लागले. अंगात रक्त कमी आहे, पोटभर खाल्ले नाही तर पुढच्या वेळी उठणार नाहीत, असे डॉक्टरांनी बजावले. मंजुश्रीताई परत आल्या त्या थेट स्वयंपाकघरात.

"मावशी, मला आता कळलंय सगळं. आपण त्यांना शिधा देऊ. मागच्या अंगणात एक लहान शेगडी ठेवू. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

"म्हंजे दुसरी चूल."

"शेगडी, मावशी."

"ताई, शेगडी म्हना, स्टो म्हना, ती दुसरी चूलच. आज एकीला दिली की उद्या तिसरा मागंल. तुमी लहान हाव, तुमी ते अंगण बघितलं न्हाई. माझ्या लहानपणी मला पाणी वरून ओतायचे, वंजळीत. एकसष्ट वर्सांची झाले, आता माझ्याच स्वयंपाकघराच्या मागं तेच बघू?"

"मग नियमापायी म्हातारीला मरू द्यायचं का?"

या प्रश्नाचा सुमनबाईंना अधिकच संताप आला. हट्ट दुसरीचा आणि जाब आपल्याला! उपाशी ती राहते आणि निर्दय आपण ठरतो!

मंजुश्रीताईंनी आणखी एक मार्ग काढला. संस्थेचे दुसरे घर लातूरला होते. तेथला स्वयंपाक गुरुबसप्पा नावाचे गृहस्थ करीत. त्यांच्या हातचे केवळाबाईंना चालेल. शनिवारपर्यंत काही ठरले नाही तर त्यांना तिकडे पोहोचवायचे.

हे ऐकून केवळाबाई खाटेवर उठून बसल्या. "लातूर? ज्या गावात माझं लेकरू राहतंय, त्या गावात मी बेघर म्हणून राहू? त्याच्या गल्लीतली माणसं तितं येतेत, जातेत. मला परत फलाटावर सोडा, पण लातूर नको."

दारात उभ्या असलेल्या सुमनबाईंनी ते ऐकले. ही बाई फलाटावर गेली तर महिनाभरही टिकणार नाही, हे त्यांना दिसत होते. आणि अंगणात शेगडी पेटली तर त्या स्वतः येथे टिकणार नव्हत्या. शुक्रवारी सकाळी त्या केवळाबाईंच्या खाटेजवळ गेल्या.

"फलाटावर काय खात होता तुमी?"

"वडापाव. कोणी बिस्कुट देत होतं."

"वडा तळणाऱ्याला आडनाव इचारलं होतं?"

केवळाबाईंनी पायांवरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "तितं करणारा दिसत न्हवता."

सुमनबाईंना वाटले, आता येथून उठावे आणि पुन्हा या बाईचे तोंड पाहू नये. तरीही त्या उठल्या नाहीत. "ऐका. उद्यापासून भाकरी तुमी करायच्या. तुमच्या एकटीच्या न्हाई, समद्यांच्या. तवा हाच, परात हीच. मी वरण-भाजी करते. जमतंय का?"

"बावीस जणांच्या?"

"घरी गड्यांच्या करत न्हवता का?"

"पन्नास-पन्नास करत होते," केवळाबाई म्हणाल्या आणि आठवड्यात प्रथमच त्यांच्या डोळ्यांत तेज आले.

शनिवारी केवळाबाई पाटावर बसून ज्वारीच्या भाकरी थापू लागल्या. भाकरी कशी असावी, हे त्या दिवशी निवाऱ्याने पाहिले. प्रत्येक भाकरी गोल, पातळ, टम्म फुगलेली. पंगतीतले म्हातारे बोटे चाटत होते. पास्टरांनी देवाचे आभार मानले आणि मंजुश्रीताईंनी लातूरला फोन करून केवळाबाई येत नसल्याचे कळवले. मारुतीच्या शनिवारी ज्वारीची भाकरी कशी चालते, हे कोणी विचारले नाही. केवळाबाईंनी स्वतःच्या ताटात भाकरी घेतली, तिखट-मीठ घेतले, आणि वरणाची पळी पुढे येताच ताटावर हात आडवा धरला. "वरणानं मला पित्त होतंय."

मग त्यांनी सर्वांत चांगली फुगलेली भाकरी निवडली आणि मोठ्या मानाने सुमनबाईंच्या ताटात वाढण्यासाठी पुढे केली. एका स्वयंपाकिणीला दुसऱ्या स्वयंपाकिणीच्या तोंडून जे ऐकायचे असते, ते ऐकायला त्या थांबल्या.

सुमनबाईंनी ताट पालथे घातले.

"माझा उपास हाय."

"आज? कोणाचा?"

"हाय एकाचा. तुमाला सांगून काय उपेग?"

केवळाबाईंच्या हातातल्या भाकरीतली वाफ हळूहळू निघून गेली आणि फुगलेली भाकरी चपटी झाली.

"माझ्या हातची भाकरी आजपावतर कोणी परत केली न्हाई," त्या म्हणाल्या.

"माझं वरण नऊ दिवस परत गेलं. मी मेले का?"

सुमनबाई उठून भांडी घासायला गेल्या. रविवारीही त्यांनी तसेच केले, सोमवारी आणि मंगळवारीही. चहा आणि मुरमुरे यांवर त्यांचे दिवस चालले. मंजुश्रीताई विनवण्या करून थकल्या. पास्टरांनी आता दोन बायकांसाठी प्रार्थना करायला सुरुवात केली. सुमनबाईंची चिडचिड मात्र वेगळ्याच कारणाने वाढत होती. त्या भाकरीचा वास त्यांना सहन होत नव्हता. आपल्याला आयुष्यात अशी भाकरी जमली नाही, हे त्यांना नाइलाजाने मान्य करावे लागत होते.

बुधवारी दुपारी सुमनबाई पळी घेऊन पंगतीतून निघाल्या. केवळाबाईंपुढून त्या नेहमीप्रमाणे पुढे जाणार, तोच खालून आवाज आला.

"वाढा."

सुमनबाई थांबल्या. "आज बुधवार हाय. तुमचा उपास?"

"बुधवारी कोणाचाच नसतो," केवळाबाई ताटाकडे पाहत म्हणाल्या. "वाढा म्हंते ना. समदे बघून राहिले."

सुमनबाईंनी एक पळी वरण वाढले. केवळाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि तोंडात घातला. सगळी पंगत त्यांच्या जबड्याकडे पाहत होती. त्यांनी घास गिळला.

"मीठ कमी हाय."

आपल्याला काय ऐकण्याची आशा होती, हे सुमनबाईंना नीट सांगता आले नसते. परंतु हे नक्कीच नव्हते. त्यांनी पळी पातेल्यात आपटली, आपले ताट सरळ केले, भाकरी घेतली आणि पहिला घास खाऊन मोठ्याने सांगितले, "भाकरी जाड हाय."

"डोळे तपासून घ्या," केवळाबाई म्हणाल्या.

गुरुवारी केवळाबाईंनी "आज दत्ताचा..." एवढेच म्हटले. सुमनबाईंनी शब्दही न बोलता आपले ताट उचलून पालथे घातले. "लई हट्टी बाई हाय," असे पुटपुटत केवळाबाईंनी स्वतःचे ताट पुढे सरकवले.

जे एक वाक्य सुमनबाईंना हवे होते, ते केवळाबाईंनी कधीच उच्चारले नाही. उलट शुक्रवारी सुमनबाई नळावरून परत येतात तो काय, केवळाबाई मिठाची बरणी काखेत धरून वरणाच्या पातेल्याशी उभ्या. मूठ आत गेलेली. पळीने सगळे ढवळणे चाललेले.

"माझ्या वरणात हात घालायचा न्हाई!"

"तुमचं कशाचं? बावीस जणांचं हाय. रोज अळणी खाऊन मला..."

"खाऊन! तेरा दिवस तोंड लावलं न्हाई, आन आता मला चव शिकवून राहिली!"

जेवणाच्या खोलीत माणसे ताटे मांडून बसली होती. येशूचे चित्र पुन्हा आपल्या खिळ्यावर आले होते, भिंतीवरच्या घसरलेल्या निळ्या ओळीशेजारी. पास्टर राजशेखर डोळे मिटून, हात जोडून उभे राहिले, स्वयंपाकघरातला आवाज थांबेल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली, आणि तो थांबत नाही असे पाहून त्यांनी त्या आवाजातच गीताला सुरुवात केली.