निळ्या पडद्यापुढचा तहा

सुरैय्यानं लाटलेल्या पोळीला आता छान पदर सुटत. पण दुबईच्या करामा भागातल्या रंभा गावडेच्या मेसमध्ये ती पहिल्यांदा लाटणं घेऊन बसली, तेव्हा पोळीला कुठे नाक तर कुठे शेपूट. रंभा कुडाळकडची, तोंडानं फटकळ. ती म्हणायची, "गो बाय, ह्यो कसलो नकाशो लाटलंस? खंयचो देश म्हणायचो ह्यो?" सुरैय्याला मालवणी ओ की ठो कळत नसे, पण दीदी हसतेय म्हणून तीही हसायची. पुढे तिच्या देशाची हकिकत कळली, तेव्हा रंभानं ही थट्टा कायमची बंद केली.

हकिकत अशी, की तिला देशच नव्हता. सुरैय्या रोहिंग्या. ब्रह्मदेशातल्या आराकानात नाफ नदीच्या काठाला तिचं गाव. पिढ्यान् पिढ्या तिथे नांगर धरूनही तिच्या माणसांना 'तुम्ही इथले' असं सांगणारा कागद कुणी दिला नाही. नवरा अलीमियाँ कुठून कुठून वाट काढत अमिरातीच्या पूर्व किनाऱ्यावर, खोर फक्कानला मासेमारीच्या बोटीवर लागला होता. त्यानं बायकोचे कागद कसेबसे जमवले, पोराचे काही जमेनात. म्हणून मुलाला, तहाला, आजीपाशी ठेवून ती एकटी आली, आणि नवरा बोटीवर असे म्हणून रंभाच्या मेसवरच राहून काम करू लागली. वर्षभराची तर गोष्ट, मग त्यालाही आणू, असं नवराबायकोत ठरलं होतं. तेवढ्यात दोन हजार सतराचा ऑगस्ट उजाडला आणि फौजेनं गाव पेटवलं. आजी उंबऱ्यात पडलेली शेजाऱ्यांनी पाहिली. तहाला कुणी पाहिलं नाही. ना पळताना, ना पडलेला. आठ वर्षांचं पोर होतं.

तेव्हापासून दुपारचे डबे रवाना झाले की सुरैय्या भिंतीला टेकून फोन घेऊन बसायची. बांगलादेशातल्या छावण्यांत जो कुणी फोन उचलेल त्याला विचारायची: डाव्या भुवईत खोक पडलेला, तहा नावाचा मुलगा बघितलात का? कुणी सांगे, पलीकडच्या वस्तीत आहे बहुतेक. कुणी सांगे, मलेशियाच्या बोटीत चढला म्हणतात. स्वतः जाऊन शोधावं, तर कागद असे की एकदा बाहेर पडली की परत आत घेतील याचा भरवसा नाही. "मिल जाएगा, इन्शाल्ला," असं म्हणून ती फोन ओढणीनं पुसून ठेवायची आणि रात्रीची कणीक मळायला घ्यायची.

"होय गो, मिळतलो," असं रंभाही म्हणायची. मनातून मात्र तिनं ते पोर केव्हाच गेलेलं धरलं होतं.

रंभा मरणाच्या बाबतीत सरळ बाई होती. तिचा नवरा उल्हास एसीच्या कामाला एका गच्चीवर चढला असताना छातीत कळ येऊन गेला. घरात त्याचा एकट्याचा धड फोटो नव्हता. कंपनीच्या सहलीतल्या एका फोटोत तेवढा सगळ्यांच्या मागे, उन्हानं डोळे बारीक करून उभा होता. करामातल्या स्टुडिओवाल्यानं त्याला त्या घोळक्यातून कापून काढलं, डोळे उघडले, अंगात कोट चढवला, मागे निळा पडदा सोडला. तो फोटो भिंतीवर लागला, त्याला हार पडला, आणि त्या दिवशी रंभाला पहिल्यांदा झोप लागली. माणूस घरात परत येऊन बसल्यासारखं वाटतं, असं ती सगळ्यांना सांगे. पुढे अमावास्येला तो हार बदलायचं काम सुरैय्याकडेच आलं. जुना काढायचा, काच पुसायची, नवा घालायचा. रंभाचा मुलगा प्रणव चिडवायचा, "आई, शी डझ इट बेटर दॅन यू." खरंच होतं ते.

मेसचा डबा मृणालिनी आपटेकडे जाई. ही पुण्याची, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. शनिवारी मात्र ती खाडीजवळच्या एका जुन्या घरात जायची. तिथे कुणीतरी हौसेनं नव्हे, हळहळीनं एक छोटं संग्रहालय उभं केलं होतं. जगात ज्या ज्या लोकांना अमक्या जातीचे, तमक्या धर्माचे म्हणून वेचून मारलं, त्यांची आठवण राहावी म्हणून. मृणालिनी तिथे येणाऱ्यांना माहिती सांगे. एकदा डब्याचा मेनू ठरवता ठरवता ती म्हणाली, की यंदा आराकानची एक नवी खोली करतोय, मारल्या गेलेल्यांचे फोटो मिळाले तर हवे आहेत.

"आमच्या सुरैय्याचा झील आसा ना," रंभा म्हणाली. "गेलो तो, बिचारो."

ते तिनं असं काही सहज म्हटलं, की मृणालिनीला शंका यायचं कारणच नव्हतं. आईची हरकत नसेल ना, एवढं तिनं विचारलं. रंभा म्हणाली, आईला बरंच वाटेल, मी बोलते तिच्याशी.

ती बोलली नाही. बोलायचं तिच्या मनात होतं, पण मग तिला वाटलं की आधी सांगण्यात काय मजा, समोर दाखवू. पितृपक्ष चालू होता. मेसमध्ये वड्यांची, खिरीची, गवारीच्या भाजीची ऑर्डर थांबत नव्हती. लोक आपापल्या गेलेल्यांची पानं वाढत होते. त्या पोराला तिथी नाही, कबर नाही, कुणी नाव घेऊन पाणी सोडणारं नाही. निदान एक भिंत तरी मिळेल. रंभाच्या डोक्यात हे असं होतं, आणि त्यात सुरैय्याबद्दलची माया सोडून दुसरं काहीही नव्हतं.

तहाचा एकच फोटो होता, सुरैय्यानं कधीतरी रंभाच्या फोनवर पाठवलेला. आजीच्या कुशीत घुसलेला, अंगात फाटका गंजीफ्रॉक, केस विस्कटलेले, फोटो धुरकट. रंभा तो घेऊन त्याच स्टुडिओत गेली. स्टुडिओवाल्यानं आजीला काढून टाकलं. पोराचे केस विंचरले, वर्ण उजळला, अंगात कॉलरचा पांढरा शर्ट घातला, मागे निळा पडदा सोडला. भुवईतली खोकही तो बुजवायला निघाला होता, ती तेवढी रंभानं राहू द्यायला लावली.

शनिवारी सकाळचे डबे गेल्यावर दोघी निघाल्या. तुमच्या मुलखाची एक खोली केलीय, तिथे जाऊन येऊ, इतकंच रंभानं सांगितलं होतं. सुरैय्यानं ईदचा अबाया घातला. आपल्या मुलखाची खोली कुणी कशाला करेल, हे तिनं वाटेत दोनदा विचारलं. रंभाच्या पिशवीत मोगऱ्याचा हार होता, ओल्या रुमालात गुंडाळलेला.

आत गार होतं आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पहिल्या खोल्या युरोपातल्या यहुद्यांच्या. काचेच्या पेटीत एका लहान मुलाचा बूट होता, एकच, नाडी नीट गाठ मारून बांधलेली. रंभा त्यापुढून हलेना. ही गाठ कुणीतरी घाईत असूनही नीट मारलीय, असं ती पुटपुटली. मृणालिनी आपल्या पुणेरी हिंदीत सांगत होती: आधी यांच्या नोकऱ्या काढल्या, मग दुकानं, मग तुम्ही या देशाचे नाहीच असा कायदा केला, मग गाड्यांत भरलं.

सुरैय्यानं मध्येच थांबवलं. "इनको भी काग़ज़ नहीं देते थे?"

"दिलेले काढून घेतले," मृणालिनी म्हणाली.

सुरैय्यानं मान हलवली, जशी ओळखीच्या घरातली खबर ऐकून हलवावी. त्यानंतर रवांडा आला, बोस्निया आला. ती प्रत्येक भिंतीपुढे थांबत होती, वाचता येत नसतानाही बोट धरून ओळींवरून नजर फिरवत होती. सगळ्यात शेवटी आराकानची खोली. जळून काळ्या झालेल्या माडांचे फोटो, एका खेडेगावाचा वरून काढलेला आधीचा आणि नंतरचा फोटो, आणि समोरच्या भिंतीवर चेहरे. म्हातारे, बाया, पोरं. त्यांच्या वर इंग्रजीत, हे मारले गेले, अशी एक ओळ होती. ती ना सुरैय्याला वाचता आली, ना रंभाला.

सुरैय्यानं भिंतीकडे बघितलं आणि ती हसली.

इतक्या वर्षांत रंभानं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. तोंडभर, दात दिसतील असं. ती धावत भिंतीशी गेली, दोन्ही पंजे फोटोच्या काचेवर टेकले. "तहा," ती म्हणाली. "दीदी, तहा. कहाँ मिला? किसके पास है?"

ती शर्टावरून बोट फिरवत होती.

"ये क़मीज़ मैंने नहीं दी इसको. किसी ने नई दी है. देखो, बाल भी बनाया है. अच्छे लोग हैं, अच्छे घर में है." ती मृणालिनीकडे वळली. "मॅडम, ये फोटो कब का है?"

मृणालिनी रंभाकडे बघायला लागली. तुम्ही यांना विचारलं नव्हतं का, असं ती मराठीत हलक्या आवाजात म्हणाली. आणि रंभा, जिला कुठल्याही प्रसंगात हाताला काम लागतं, जिचे हात डोक्याच्या आधी चालतात, तिनं त्या घडीला काय करावं? तिनं पिशवीत हात घातला आणि रुमाल सोडून हार बाहेर काढला.

सुरैय्यानं हार बघितला. तिला तो कुणी समजावून सांगायला नको होता. उल्हासच्या काचेवरचे कितीतरी हार तिनं स्वतःच्या हातानं बदलले होते. तिची नजर हारावरून फोटोवर गेली, निळ्या पडद्यावर गेली, मग शेजारच्या म्हाताऱ्यावर, त्याच्या शेजारच्या बाईवर, अशी भिंतभर फिरून आली. पंजे हळूच काचेवरून खाली आले.

"फ़ौज ने नहीं बोला," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ नाही असं सांगावं तसा. "कैंपवालों ने नहीं बोला. उसके बाप ने भी कभी नहीं बोला. आपने बोल दिया, दीदी."

रंभा मालवणीत काहीबाही बोलत सुटली, माका वाटला, माझ्या मनात तसा नाय गो, आणि त्यातलं एक अक्षरही सुरैय्यापर्यंत पोचत नव्हतं. मृणालिनीनं कुणाला न विचारता फोटो खिळ्यावरून उतरवला आणि सुरैय्याच्या हातात दिला. टॅक्सीत सुरैय्यानं तो मांडीवर पालथा धरला होता.

घरी येऊन तिनं रात्रीच्या सगळ्या पोळ्या केल्या. ओटा पुसला. सकाळी कपड्यांची पिशवी घेऊन ती खोर फक्कानला नवऱ्याकडे गेली. रंभा दारात उभी राहून कधी येशील विचारत राहिली. सुरैय्यानं तिच्या पायांना हात लावला, तोही नेहमीसारखा, आणि जिना उतरली.

नंतरचे दिवस रंभाला खायला उठले. दुसरी बाई ठेवली, तिच्या पोळ्या गोल येत, तरी रंभा तिच्यावर उगाच खेकसायची. सुरैय्या फोन घेत नव्हती. शेवटी रंभानं प्रणवला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "यू शुड हॅव आस्क्ड हर, आई." शुक्रवारी त्यानंच गाडी काढली. डोंगर कापून काढलेल्या बोगद्यांतून ते पूर्वेच्या समुद्राकडे उतरले. बंदराच्या मागच्या गल्लीत अलीमियाँची खोली होती. प्रणव गाडीत थांबला.

अलीमियाँ उंबऱ्याशी जाळं पसरून फाटलेल्या गाठी बांधत बसला होता. त्यानं सलाम करून वाट दिली. मुलाचं नाव त्यानं गाव जळलं तेव्हापासून तोंडातून काढलेलं नव्हतं, हे रंभाला सुरैय्याकडूनच ठाऊक होतं. आत सुरैय्यानं चहा केला, माशाचं कालवण आणि भात वाढला. तिला राग नव्हता. तेच रंभाला सोसेना. तिनं जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि हात जोडले. तू मला शिव्या दे, मार, पण काहीतरी बोल, असं म्हणाली.

सुरैय्यानं तिचे जोडलेले हात खाली घेतले आणि सांगायला लागली. तहा तिच्या मनात ही आठ वर्षं रोज वाढत होता. दात पडले, नवे आले. आवाज फाटला. गेल्या रमजानात त्याला मिसरूड फुटली होती, तिनं बघितली होती. कणीक मळताना ती त्याला बघायची, आज एवढा, उद्या थोडा अजून. त्या भिंतीवर त्याला टांगलेलं बघितलं तेव्हापासून तो आठ वर्षांचाच राहिला. त्या पांढऱ्या शर्टात. डोळे मिटले की तोच येतो. ती किती जोर लावते, पण तो मोठा होत नाही.

"दीदी," ती म्हणाली, "प्रणव सोलह का था, तब कैसा था? मुझको बताओ."

रंभा सांगू लागली. जेवढं आठवलं तेवढं सगळं. हातपाय अचानक लांब झाले, चालताना ते त्याचे त्यालाच कळत नसत, दारावर आपटायचा. तोंडावर पुटकुळ्या आल्या, आरशापुढून हलायचा नाही. फ्रिजमधलं दूध उभ्यानं, पातेलं तोंडाला लावून प्यायचा. हाक मारली तर ओ द्यायचा नाही आणि जेवायला बसला की दहा पोळ्या खायचा. बुटांना असा वास यायचा की ते गॅलरीत ठेवायला लागायचे. सुरैय्या डोळे मिटून ऐकत होती. ओठ किंचित हलत होते, कपाळाला आठ्या पडल्या होत्या, विहिरीतून जड काहीतरी ओढून काढावं तशा. रंभा थांबली की ती म्हणे, और बताओ. रंभाला आठवायचं संपलं, तरी ती बोलत राहिली.

मग सुरैय्यानं मान हलवली. "नहीं दीदी. ये तो प्रणव है."

उंबऱ्याशी अलीमियाँचे हात जाळ्यात थांबले होते. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

"इस बरस," तो म्हणाला, "उसको मेरी चप्पल आ जाती."

सुरैय्यानं डोळे उघडून नवऱ्याच्या पाठीकडे बघितलं. तोही इतकी वर्षं, तोंडातून एक शब्द न काढता, त्या पोराला वाढवत होता तर. मग ती जी रडायला लागली, ती थांबेचना. रंभाचा हात तिच्या पाठीकडे गेला आणि मध्येच थांबला. आता हात ठेवायचा की नाही, हे कुणाला विचारायचं, ते तिला कळेना.