हिरवळीवरची चटई

बाबा दुबईत एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होते आणि शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, गोल्फ खेळायचे. एवढ्यावरून भारतातले नातेवाईक आम्हाला श्रीमंत समजत. खरं तर आमचं मैदान वाळूचं होतं. शहराबाहेर, उंटांच्या शर्यतीच्या मैदानापलीकडे, काही हौशी साहेबांनी आखून घेतलेलं. गवताचं पातं नव्हतं. ज्या गोल जागेत चेंडूसाठी भोक असतं तिला इतरत्र ग्रीन म्हणतात; आमच्याकडे तिथे तेल घालून दाबलेली वाळू होती, म्हणून ती ब्राउन. खेळून झालं की आपल्याच पावलांचे ठसे झाडूने पुसायचे आणि पुढे जायचं.

प्रत्येकाकडे एक चटई असे. चटई म्हणजे हिरव्या प्लास्टिकच्या गवताचा, पायपुसण्याहून लहान तुकडा. चेंडू वाळूत पडला की उचलायचा, चटईवर ठेवायचा आणि मारायचा. वाळूवर तसा नियमच होता. मी लहानपणापासून बाबांबरोबर जात असल्यामुळे चेंडूपाशी पोचलं की हात आपोआप चटईकडे जायचा.

करामा भागातल्या आमच्या घरापासून मैदानापर्यंत बाबा गाडीत मला एका चॅम्पियन बाईची गोष्ट सांगत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची बाई. कुठल्याशा क्लबने टाकून दिलेल्या पुस्तकांत त्यांना तिचं चरित्र सापडलं होतं. ती पायघोळ स्कर्ट घालून खेळायची आणि वाऱ्याने तो उडू नये म्हणून गुडघ्यांखाली इलॅस्टिकचा पट्टा बांधायची. भावांच्या जुन्या काठ्यांनी शिकली, पहिल्याच मोठ्या स्पर्धेत सपाटून हरली आणि मग वर्षानुवर्षं जिंकत राहिली. पैशासाठी मात्र कधी खेळली नाही.

"आपल्यासारखीच हौशी," बाबा म्हणायचे. आईला हे ठाऊक होतं. आम्ही निघताना ती दारातून म्हणे, "तुमच्या त्या बाईला विचारा, शुक्रवारची भाजी कोणी निवडायची म्हणून."

मला त्या बाईची आवडणारी गोष्ट वेगळी होती. ती कप घ्यायला पुढे यायची, मान लववायची आणि एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसायची. बाबा हे दर वेळी न चुकता सांगत. मला शाळेत हजेरीला 'प्रेझेंट मिस' म्हणतानाही घाम फुटायचा. हा खेळ तोंड न उघडता खेळता येतो, एवढं मला पुरेसं होतं.

दहावीत असताना शाळांच्या मुलींच्या गोल्फ संघासाठी निवड-चाचणी जाहीर झाली. एका बड्या क्लबच्या, खऱ्या गवताच्या मैदानावर. निवडल्या जाणाऱ्या मुलींना वर्षभर तिथे सराव करता येणार होता. एरवी त्या क्लबचं फाटक आमच्यासाठी उघडणारं नव्हतं. मला ते फार हवं होतं. मी कुणाला तसं म्हटलं नाही. बाबांनाही हवं होतं, ते त्यांनी माझे बूट ज्या प्रकारे पुसले त्यावरून कळलं.

चाचणीच्या दिवशी सुरुवातीला मी जपून होते. गवतावर चेंडू पडेल तिथूनच मारायचा, हे मनात म्हणत चालले होते. मग खेळ जमायला लागला आणि मी मनात काही म्हणायचं सोडून दिलं. बरोबरच्या मुलीचा चेंडू झाडांत गेला होता. आमच्या फटक्यांचं कार्ड लिहिणारी गोरी बाई तिच्यासोबत तो शोधत होती. मी माझ्या चेंडूपाशी गेले, बॅगेतून चटई काढली, चेंडू तिच्यावर ठेवला आणि मारला. फटका सुंदर बसला. चटई उचलताना खालचं गवत दिसलं.

कुणी पाहिलं नव्हतं. कमी फटके घेणारा जिंकतो आणि अशा चुकीला दंड म्हणून दोन फटके जास्त मोजतात, हे मला माहीत होतं. त्याची फारशी भीती नव्हती. भीती होती ती सांगण्याची.

"फोर?" चेंडू भोकात गेल्यावर त्या बाईने कार्डावर पेन्सिल टेकवत विचारलं.

"सिक्स."

"फोर, लव्हली," असं म्हणून तिने चार लिहिले. माझा आवाज तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मी पुन्हा म्हटलं, या वेळी इतक्या मोठ्याने, की पलीकडच्या लोकांनी माना वळवल्या. मग कारण सांगावं लागलं आणि चटई दाखवावी लागली.

"यू पुट अ कार्पेट ऑन ग्रास?" ती मुलगी हसत खालीच बसली. बाई हसली नाही. तिने अशी चटई कधी पाहिली नव्हती. उलटीपालटी करून बघत तिने ही कशासाठी असं विचारलं आणि मी वाळू, तेल, झाडू, सगळं सांगितलं. चारचा सहा झाला. त्या दोन फटक्यांत माझी संघातली जागा गेली.

परतताना बाबा गाडी चालवत होते. "चटई मीच ठेवली बॅगेत," ते म्हणाले. "सवयीने."

"इट्स ओके, बाबा."

"कोणी पकडलं तुला?"

"नो. आय टोल्ड देम. ट्वाइस."

"तू? मोठ्याने?"

"व्हेरी."

सिग्नलला गाडी थांबली. "ती चॅम्पियन," बाबा समोर बघत म्हणाले, "भाषणं करायची गं. कप घेतला की चांगली लांबलचक. मी ती गाळायचो."

"व्हाय?"

"तू माझ्याबरोबर यायची बंद झाली असतीस."

पुढच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा वाळूवर गेलो. गाडीत बाबांनी चरित्र पहिल्यापासून सुरू केलं, आता भाषणांसकट. भाषणं फारच कंटाळवाणी होती.