खेकडेमावशी आणि बाबांचं ‘नको’

खेकडेमावशींच्या घरून माणसं उपाशी परतायची. स्वयंपाक उत्तम असायचा, भरपूर असायचा, पण मावशी एकदाच विचारायच्या, “भात हवा?” आपण रीतीप्रमाणे “नको नको, पुरे” म्हणून ताटावर हात आडवा धरायचा आणि पुढच्या आग्रहाची वाट बघायची, तोवर मावशी “बरं” म्हणून भांडं घेऊन स्वयंपाकघरात! अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या आमच्या मराठी कंपूतल्या बऱ्याच जणांनी त्यांच्याकडून निघाल्यावर वाटेत पिझ्झा खाल्ला आहे. मावशी कंजूष आहेत की शिष्ट, यावर आमचं कधीच एकमत झालं नाही.

त्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत खेकड्यांच्या रक्ताभिसरणावर काम करायच्या. नाव त्यावरूनच पडलं आणि त्यांनी ते आनंदाने चालवून घेतलं. गंमत म्हणजे रविवारी त्या खेकड्याचं कालवण चापून खायच्या. “अहो, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?” असं कुणी विचारलं की म्हणायच्या, “कामाचे वेगळे, कालवणाचे वेगळे.” त्यांच्या मनात नक्की काय आहे ते मला कधी कळायचं नाही.

एकदा माझ्या मुलीला, सईला, त्यांनी प्रयोगशाळा दाखवायला बोलावलं. मीही गेले. टाकीत एक खेकडा होता, त्याच्या पाठीवर बारीक वायरी चिकटवलेल्या आणि शेजारच्या पडद्यावर त्याच्या हृदयाची रेघ. मावशींनी त्याला माशाचा तुकडा दिला. थोड्या वेळाने रेघ भराभर उसळायला लागली. “जेवलाय ना, आता रक्त पोटाकडे धावतंय,” मावशी म्हणाल्या. मग त्यांनी पाण्यातला प्राणवायू कमी करत नेला आणि रेघ अडखळायला लागली.

“आता बघ याचा गोंधळ. पोट म्हणतं रक्त इकडे पाठव, बाकीचं अंग म्हणतं आधी आमचं बघ. पचवायलासुद्धा प्राणवायू लागतो गं. उपाशी असता तर निभावणं सोपं गेलं असतं.”

“इज ही ओके?” सईने विचारलं.

“ही विल बी,” म्हणत मावशींनी हवा पुन्हा सुरू केली. त्यांनी त्या टाकीला हलकेच थोपटलंही. संध्याकाळी त्यांच्या घरी म्हणे खेकड्याचं कालवणच होतं.

आई गेल्यावर बाबा नागपूरहून आमच्याकडे राहायला आले होते. पुढे त्यांची फुप्फुसं थकली. नाकात नळी आणि कोपऱ्यात घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन, असा त्यांचा दिवस जायचा. जेवण कमी कमी होत चाललं. मी घास पुढे केला की म्हणायचे, “नको.” आता पंचाईत अशी, की बाबा जन्मभर दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा पोटभर जेवणारे. मग हे नको त्यातलं, की खरंच नको? मी आग्रह करायची. ते माझ्या समाधानासाठी खायचे आणि संध्याकाळपर्यंत धापा टाकत बसायचे. खाऊ घालावं तर दम लागतो, न घालावं तर माणूस डोळ्यांदेखत झिजतो. मला काही सुचेनासं झालं होतं.

तशात मावशी आल्या. दुपारी त्यांनीच बाबांना वाढलं. बाबा “नको” म्हणाले आणि मावशींनी “बरं” म्हणून ताट उचललं. मला असा संताप आला! पण थोड्या वेळाने आतून बाबांचा आवाज आला, “मॅडम, तो भात आणा न वापस.” चार घास खाल्ले, आपल्या हाताने, सावकाश.

मी स्वयंपाकघरात मावशींना विचारलं, “माणसाचंही खेकड्यासारखंच असतं का हो?”

“माहीत नाही गं. माणसांचं मला खरंच कळत नाही. खेकडा रीतभात पाळत नाही, त्याचं नको म्हणजे नको.”

पानगळीच्या दिवसांत बाबा अंथरुणाला खिळले. पोटात नळी घालून अन्न देता येईल, निर्णय तुमचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी बाबांना विचारलं. “नको.” पुण्याहून भाऊ फोनवर ओरडला, “अगं, ते नकोच म्हणतात नेहमी! तू घाल.” नवरा म्हणाला, “यार, ही हॅज सेड नो. क्लिअरली.” मी मावशींना बोलावून घेतलं.

त्या बाबांच्या उशाशी बसल्या. नळी म्हणजे काय ते समजावलं आणि विचारलं, “घालू या?”

“नको.”

आता त्या “बरं” म्हणून उठतील असं मला वाटलं. त्या उठल्या नाहीत.

“घ्या ना हो. थोडे दिवस.”

“नको.”

“लेकीसाठी तरी?” हे म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. आग्रहाची त्यांना बिचाऱ्यांना सवयच नव्हती.

बाबा हसले. दम घेत म्हणाले, “मॅडम, तुम्हाला हे काही जमत नाही. पुरे म्हटलं न जी.”

“बरं,” मावशी म्हणाल्या.

मी त्यांना सोडायला खाली गेले, तर त्या गाडीत बसून राहिल्या, गाडी सुरूच करेनात. म्हणाल्या, “तिसऱ्यांदा विचारताना मला फार वाटत होतं, त्यांनी हो म्हणावं.” आणि रडायला लागल्या. वडील माझे आणि रडतायत या. कुणी कुणाची समजूत काढायची तेच मला कळेना. मीही पलीकडच्या सीटवर बसून रडून घेतलं.

बाबा त्याच आठवड्यात गेले. नळी घातली नाही. मावशी आता ओरेगनला मुलाकडे राहतात. आपण बरोबर केलं का, हे मी त्यांना अजून अधूनमधून फोन करून विचारते. “माहीत नाही गं,” त्या म्हणतात. फोन मात्र त्या आधी ठेवत नाहीत.