थंडीत निवडलेलं झाड

शिंपीकाकांचं पहिलं बोन्साय सदाहरित होतं. ते मेल्यावरही महिनाभर हिरवंच दिसत राहिलं आणि काका त्याला रोज पाणी घालत राहिले. "मेलेल्याची सेवा करावी तर तुम्हीच," काकू म्हणाली. खिडकीत जागा एकाच कुंडीची. आता शेवटची संधी, नंतर तिथे माझा रेडिओ येईल, असं तिने बजावलं.

म्हणून काका ऐन थंडीत रोपवाटिकेत गेले. या वेळी पानझडी झाडच घ्यायचं. त्याचं काही बिनसलं तर पानं लगेच चुगली करतात. ते मेपलपाशी रेंगाळले.

"पानगळीआधी लालभडक होतं," रोपवाटिकेतली बाई म्हणाली, "पण वाऱ्याने पानांच्या कडा करपतात."

काकांची खिडकी तर भर रस्त्यावरची, सतत वाऱ्याची. शेजारी एल्मचं झाड होतं, पानं झडलेलं, म्हणजे नुसत्या काटक्याच.

"हे घ्या. कात्री चुकली तरी पुन्हा फुटतं."

काकांनी कुंडी डोळ्यांसमोर धरून सावकाश फिरवली. कोट उलटा करून शिवण तपासावी, तशी एकेक फांदी खोडातून कुठे निघते ते पाहिलं. पानं असती तर यातलं काहीच दिसलं नसतं.

घरी काकूने काटक्या न्याहाळल्या. "हे तरी जिवंत आहे का हो?"

काकांनी नखाने साल किंचित खरवडली. आत ओला, कोवळा हिरवा रंग होता. काकूने चष्मा लावला, वाकून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "याला ऊन सकाळचं लागतं की दुपारचं?"