पळपुट्या पेशींच्या मागे

सापगावात तिला सगळे डॉक्टरीण म्हणतात. खरं तर कॅन्सरच्या पेशी एका अवयवातून दुसऱ्या अवयवात कशा जातात, यावर ती मुंबईत संशोधन करते. तरी रविवारी तिच्या ओट्यावर गुडघेदुखीवाल्या म्हाताऱ्या जमतातच. ती हात जोडते, "मला गुडघ्यातलं कायपण कळत नाय गो! मी पळपुट्या पेशींच्या मागं असते." मग सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावते. स्वतः थेंब घेत नाही, पित्त उसळतं म्हणे.

परवा माझ्या बायकोच्या गाठीचा रिपोर्ट तिनं दोनदा वाचला.

"वयनी, ही जागची हललीच नाय! डॉक्टर सांगतील तशी लगेच काढून टाका."

मग डोळे पुसत म्हणाली, "मी रोज पळालेल्याच बघते ओ."

आणि तिनं माझाच चहा उचलून पिऊन टाकला.