प्लेगची वही, स्टुटगार्टच्या कपाटात

जुनी कागदपत्रं वाचणाऱ्यांकडे इतके किस्से कसे जमतात, देव जाणे! सकाळभर तोंड मिटून बसावं लागतं, म्हणून असेल. कॉफीला बाहेर पडलो की सगळं एकदम सांडतं.

मी स्टुटगार्टला पीएचडी करतेय. विषय, इंग्रजांच्या काळातली मुंबईची प्लेगची प्रयोगशाळा. तिथलं काम बघायला तेव्हा एक जर्मन डॉक्टर गेला होता. त्याची पत्रं, काचेच्या स्लाइड्स आणि तिथून आणलेली एक जाडजूड वही आमच्या संस्थेच्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली तिथला संग्रह सांभाळणाऱ्या हेर, म्हणजे श्रीयुत, लिंडनर यांच्याकडे, आणि माझी किल्ली माझ्या गाइड फ्राऊ वेबर यांच्याकडे!

*

पहिल्या दिवशी माझं जर्मन ‘गुटन टाग’पर्यंतच होतं. हेर लिंडनर यांनी मोडक्या इंग्रजीत कपाट दाखवलं. ‘‘हे आमचं पेस्ट.’’

पेस्ट म्हणजे जर्मनमध्ये प्लेग, हे मला कुठे ठाऊक! मला इंग्रजीतलं ‘पेस्ट’ वाटलं, कपाटात झुरळं झाली असतील. ओळख वाढवावी म्हणून मी म्हटलं, ‘‘आमच्या साताऱ्याच्या घरी दरवर्षी होतं! माणूस बोलवायचा, दोन तासांत साफ!’’

हेर लिंडनर दोन पावलं मागे सरकले. मग त्यांनी खिडकी उघडली.

*

माझी लेक ईरा मराठी सगळं समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये. किंडरगार्टनमध्ये विचारलं, ‘‘तुझी आई काय करते?’’ ‘प्लेगचा अभ्यास करते’ एवढं लांब कोण सांगणार? ती म्हणाली, ‘‘मामा हाट पेस्ट.’’ म्हणजे, आईला प्लेग आहे!

दुपारी बाईंचा फोन. ‘‘फ्राऊ जगदाळे, आल्झो... म्हणजे... तुम्ही बऱ्या आहात ना?’’

*

फ्राऊ वेबर या विषयातल्या मोठ्या अभ्यासक. पण त्या जर्मन डॉक्टरच्या पत्रातल्या एका शब्दाशी त्या दोन वर्षं झगडत होत्या. मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवायचे, तिथे त्यानं लिहिलं होतं, ‘तुप, तीन थेंब’. जर्मनमध्ये ‘टुप्फर’ म्हणजे कापसाचा बोळा. त्याचंच हे लघुरूप, असं त्यांनी ठरवून टाकलेलं. पण बोळ्याचे थेंब कसे मोजायचे?

मी पत्र हातात घेतलं आणि ओरडलेच, ‘‘अहो, हे तूप आहे! तूप!’’

तुपाचे थेंब रश्श्यावर तरंगत सोडले की त्यांच्याखाली जंतू छान वाढत. मुंबईत कानावर पडलेला शब्द त्या डॉक्टरनं तसाच लिहून टाकला होता. दुसऱ्या दिवशी मी घरून कढवलेल्या तुपाची बरणीच नेली. फ्राऊ वेबर यांनी ते पावावर लावून खाल्लं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, ‘‘जंतूंची काही चूक नव्हती!’’

*

हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नव्हतं. माझा करार संपत आला होता. वहीच्या समासात कुणीतरी मोडीत बारीक नोंदी केल्या होत्या. त्या उलगडल्या तर मुदतवाढ, नाहीतर बॅगा भरायच्या. मी पुस्तकांवरून मोडी शिकत होते आणि महिन्यात दोन ओळी लागत होत्या.

तेवढ्यात सासूबाई नातीला भेटायला आल्या. चहा पिता पिता त्यांनी माझ्या लॅपटॉपवरचा फोटो पाहिला आणि वाचायलाच लागल्या! ‘‘साहेब आज पुन्हा हात न धुता जेवावयास बसले. दोनदा सांगितले. ऐकत नाहीत.’’

सासूबाई भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेल्या, सगळी नोकरी जमिनीचे मोडी कागद वाचण्यात गेलेली. आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

‘‘आई, तुम्ही आधी का नाही बोललात?’’

‘‘अगं, तू विचारलंस कधी?’’

नोंदी लिहिणारा होता प्रयोगशाळेतला मराठी असिस्टंट, गोविंद. फ्राऊ वेबर यांना इतकी वर्षं वाटत होतं, समासात तापमानाचे आकडे असतील. त्या पोट धरून हसल्या आणि त्याच आठवड्यात माझ्या मुदतवाढीचं पत्र त्यांनी लिहिलं. सासूबाईंचं नाव माझ्या प्रबंधात पहिल्या पानावर असणार आहे. त्यांचं म्हणणं, ‘‘नाव नको, पुढची पानं दाखव.’’

*

करार वाढला, पण व्हिसाची तारीख तोंडावर आली आणि आउसलेंडरबेहोर्डची, म्हणजे परदेशी लोकांच्या व्हिसा कचेरीची, अपॉइंटमेंट मिळेना. त्यात ईराला ताप. सकाळी सहाला हेर लिंडनर यांचा फोन. ‘‘मी रांगेत उभा आहे. चौथा नंबर. तुम्ही आठला या.’’

धावत गेले. थंडीत त्यांचं नाक लाल झालेलं, हातात त्यांच्या बायकोनं, कारिननं, भरून दिलेला थर्मास. मी आभार मानायला लागले. ते म्हणाले, ‘‘तीस वर्षं मी या वहीला वाचणारं कुणी येईल म्हणून थांबलो. दोन तासांचं काय?’’

*

सासूबाई परत जायच्या आदल्या दिवशी त्यांना मुद्दाम संस्थेत नेलं. वहीचं शेवटचं पान राहिलं होतं. हेर लिंडनर पांढरे हातमोजे घालून एकेक पान उलटत होते. सासूबाई वाचत होत्या, मी जर्मनमध्ये सांगत होते.

नवी लस तयार झाली होती. लोक घाबरून जवळ येत नव्हते. गोविंदनं लिहिलं होतं, ‘‘प्रथम स्वतःस टोचून घेतली. रात्रभर ताप. घरी कळविले नाही.’’

सासूबाई थांबल्या. चष्मा पुसला. ‘‘खाली आणखी एक शब्द आहे. पण हा हात वेगळा. नवशिक्या माणसाचं अक्षर आहे, गिरवून गिरवून काढलेलं. त्याच्या बायकोचं असेल.’’

‘‘काय लिहिलंय, आई?’’

‘‘कळले.’’

मी जर्मनमध्ये सांगितलं. हेर लिंडनर यांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि ते बाहेर गेले. काचेच्या दारापलीकडून त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला.

‘‘कारिन, तुला एक सांगायचं राहिलंय.’’